इच्छेविरुद्ध एक पेग

धरणाच्या फुगवट्यावर शनिवारी संध्याकाळी सुटणाऱ्या होडीत लाइफ जॅकेटे असतात. ती बर्फाच्या पेटीखाली घातलेली असतात, पेटी घसरू नये म्हणून.

दारू कानाच्या आतली, तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडवते. जमिनीवर अशा वेळी भिंतीचा आधार घेता येतो. होडीला भिंत नसते. दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे पिणाऱ्याला ऊब वाटते आणि पाण्यात पडल्यावर तो अधिक लवकर गारठतो.

रस्त्यासाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ आहे: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क आढळला की चालक दोषी. हा हिशेब रस्त्यावरच्या वाहनांचा. मंडळी कायदा पाळणारी असल्यामुळे धक्क्यापर्यंत भाड्याचा ड्रायव्हर घेऊन येतात. मग सगळे होडीत चढतात आणि शुद्धीवर असलेला एकमेव माणूस काठावर गाडीत झोपतो.

अपघातानंतर जबाबदारीचा प्रश्न निघतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २३ नुसार, नशेत भान हरपलेल्याला माफी मिळते ती नशा नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिली गेली असेल तरच. कायद्याच्या मनात जबरदस्ती असते. होडीतल्या मंडळींच्या मनात आग्रह. तांडेल म्हणतो, सायबांनी ग्लास पुढे केला, नाय कसं म्हणायचं? साहेब म्हणतात, मेव्हण्याचा वाढदिवस होता. मेव्हणा म्हणतो, दाजींनी शपथ घातली. दाजींना त्यांच्या साहेबांनी घातलेली असते. पंगतीतल्या जिलबीचा न्याय असा बाटलीला लावत गेले, तर महाराष्ट्रात आजवर कोणी स्वखुशीने प्यायलेलेच नाही. एक आदिम आग्रही पुरुष कुठेतरी बसून साऱ्या राज्याला पाजतो आहे आणि पोलिसांना तो सापडत नाही. बरे, हाच आग्रह लाइफ जॅकेटाच्या बाबतीत कुठे जातो? 'घाल रे, माझ्यासाठी एक तरी घाल' असे म्हणून कोणी कोणाच्या गळ्यात ते अडकवल्याचे ऐकिवात नाही. तिथे सगळे एकदम व्यक्तिस्वातंत्र्यवादी होतात, कारण फोटोत पोट मोठे दिसते. पोट!

शिक्षांचे दरपत्रक छोटे आहे. बेदरकारपणे होडी हाकली तर कलम २८२: सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असुरक्षित किंवा क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या होडीतून भाडे घेऊन माणसे नेली तर कलम २८४: कैद तितकीच, दंड मात्र पाच हजारांपर्यंत. म्हणजे सहलीच्या बाटल्यांचे बिल दंडापेक्षा मोठे. निष्काळजीपणाने कोणी मेले तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत. सार्वजनिक जागी पिऊन त्रास देण्याला जुन्या दंड संहितेत २४ तास किंवा दहा रुपये होते. १८६० चा हा भाव ३० जून २०२४ पर्यंत टिकला. इतक्या काळात शेंगदाण्यांचाही भाव कोणी स्थिर ठेवू शकलेले नाही.

आरोपी म्हणून बहुधा तांडेल उभा राहतो, कारण सुकाणू त्याच्या हातात होते. आग्रह करणारे साक्षीदार होतात. बाटल्या तळाशी गेलेल्या असतात. पंचनाम्यात 'तरंगत मिळालेली वस्तू' म्हणून बर्फाच्या पेटीची नोंद होते: नग एक, झाकण घट्ट बंद.