रा. रा. ‘एनए’ यांस

मुक्काम सातपूर एमआयडीसी



जीएसटीच्या नोटिशीत ‘वैयक्तिक सुनावणीची तारीख’ असा एक रकाना असतो. तारीख, वेळ, ठिकाण, तिन्ही जागी आपणच बसलेले पाहिले. तीन लेथच्या आमच्या शेडमध्ये गोंधळच उडाला, कारण आमच्याकडे एनए म्हणजे बिगरशेती. फोरमन म्हणाला, “शेठ, एमआयडीसीच्या प्लॉटला परत एनए कशाला?” कर सल्लागारांनी उलगडा केला: लागू नाही. म्हणजे आमचे म्हणणे ऐकणे लागू नाही. कर, व्याज आणि दंड मात्र लागू.

आपले बळ मोठे. जीएसटी कायद्याचे कलम 75(4) सांगते की करदात्याने लेखी मागितली किंवा निर्णय त्याच्या विरुद्ध जाणार असेल, तर सुनावणीची संधी द्यायचीच. त्यातला ‘किंवा’ आपण दोन अक्षरांत गिळलात. पुढच्याच पोटकलमानुसार सबळ कारण दाखवले तर तीनदा तारीख वाढवून मिळते. मुळात तारीखच नाही, तर वाढवायचे काय?

आपली बाजूही समजते. 2017-18 ची प्रकरणे 31 डिसेंबर 2023 पर्यंत हातावेगळी करायची होती. एकेकाला बोलावून ऐकत बसले असते, तर मुदत टळली असती. आमचा मुद्दा तरी केवढासा! माल विकणाऱ्याने आपल्या विवरणपत्रात आमचे बिल दाखवले नाही, म्हणून खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट कापले आमचे. बिल, बिल्टी आणि बँकेचा उतारा घेऊन दहा मिनिटे बसलो असतो.

जुन्या न्यायाधीशांना मात्र आपला लळा नव्हता. केंब्रिज विद्यापीठाने बेंटली नावाच्या पंडिताच्या पदव्या त्याचे न ऐकताच काढून घेतल्या, तेव्हा 1723 साली इंग्लंडच्या कोर्टात देवानेसुद्धा आदमला शिक्षेआधी विचारले होते, याची आठवण निघाली. पदव्या परत मिळाल्या. आपल्या सुप्रीम कोर्टाने 1977 साली केरळच्या शादुली प्रकरणात तर कमालच केली. तो विक्रीकराचाच वाद. ज्या व्यापाऱ्यांच्या वह्यांवरून कर लावता, त्यांची उलटतपासणीही घेऊ द्या, म्हणाले. आम्ही इतके मागत नाही. एक खुर्ची पुरे.

अपील आहे, म्हणाल. आहे ना! वादातल्या कराचे दहा टक्के आधी भरायचे. ऐकून घेण्याचे तिकीटच ते. शिवाय मुदत तीन महिन्यांची, आणि आमचा आदेश पोर्टलवर ‘अ‍ॅडिशनल नोटिसेस’च्या कप्प्यात पडून होता.

तेव्हा कधी थोडे सरकून एखाद्या तारखेला जागा द्यावीशी वाटली, तर फोन करून कळवा. त्या कप्प्यात टाकू नका.

आपला,
एक नोंदणीकृत करदाता