कँटीनकाका

नवी मुंबईतल्या आमच्या दिघ्यात प्रत्येक वस्तीला एक कँटीनकाका असतात. ईश्वरनगरात एक, गणपती पाड्यात एक, यादवनगरात दोन. त्या दोघांचं आपसात पटत नाही. सगळ्यांचं गाव पाटण नाहीतर खेड तालुक्यात. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कुठल्यातरी कंपनीच्या कँटीनमध्ये उभी हयात गेलेली. गुडघे गेलेत, पण एक्झॉस्ट फॅनच्या वरताण ओरडायची सवय असल्यामुळे आवाज शाबूत आहे. इतर निवृत्त माणसं लग्नं जमवतात. कँटीनकाका शेफ व्हायचं म्हणणाऱ्या पोरापोरींना कॉलेज जमवून देतात. सेवा फुकट. जाण्यायेण्याचं तिकीट आणि त्या कॉलेजच्या कँटीनमधला चहा, एवढीच दक्षिणा.

‘तुमचं शिक्षण कुठं झालं?’ असं कुणी विचारलं की आमचे काका ताठ होऊन सांगतात, ‘कलम शेहेचाळीस!’ कारखाना कायदा, १९४८. त्यातल्या ४६व्या कलमामुळे अडीचशेच्या वर कामगार असलेल्या कारखान्याला कँटीन चालवावं लागायचं. काका या कलमाचा उल्लेख लोक आपल्या विद्यापीठाचा करतात तसा करतात. हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीला मोठ्या प्रमाणावरचा स्वयंपाक शिकवतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं, त्या दिवसापासून तर त्यांची मान आणखीच वर गेली. दहावी नापास माणूस तीन शिफ्टमध्ये तेच करत होता! याचा तोटा एवढाच की दोन माणसांचा अंदाज त्यांना येत नाही. काकू गावाला गेल्या की काकांची आमटी सगळ्या मजल्याला पुरते.

आमच्या शेजारच्या मुलीला बारावीनंतर शेफ व्हायचं होतं. तिचे वडील म्हणाले, ‘घरी तव्याला हात लावत नाही आणि बाहेर पैसे भरून शिकणार?’ आई म्हणाली, ‘स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला लागतं? मी आहे ना.’ अशा वेळी काकांना बोलवावं लागत नाही, ते जिन्यातच असतात.

‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘तुम्ही चौघांचं करता. हिला चारशेंचं करायचंय. आणि चारशेवं ताट पहिल्यासारखंच दिसलं पाहिजे.’ मग वडिलांकडे वळून, ‘संजीव कपूर आईच्या पोटातून शिकून आला का? दिल्लीला, पुसा इन्स्टिट्यूटला शिकलाय तो.’ त्याचा टीव्हीवरचा ‘खाना खजाना’ १९९३ साली सुरू झाला, पण काकांनी तो धड पाहिलेला नाही. सदानकदा सेकंड शिफ्ट.

दुसऱ्याच दिवशी मंडळी कॉलेज बघायला निघाली. मला वाटतं, दिघ्याच्या माणसाइतकी नीट चौकशी कुणी करत नसेल. २०१५ साली उच्च न्यायालयाने इथल्या बेकायदा इमारतींवर कारवाई करायला सांगितली, तेव्हा आयुष्याची पुंजी घालून खोली घेतलेल्या माणसांना कागद म्हणजे काय ते कळलं. त्यामुळे काका कॉलेज बघतात ते खोली घेतल्यासारखं. कागद कुणाचा, पाणी किती वेळ, मोरी कुठे, स्टेशन किती लांब.

त्या दिवशीचं कॉलेज चकचकीत होतं. नाव सांगत नाही. आत एसी, भिंतीवर आयफेल टॉवर, टेबलामागे कोट घातलेली एक ताई. ‘आमचं पॅरिसशी टायअप आहे,’ ती म्हणाली. काकांनी मान डोलावली. पॅरिसबद्दल त्यांना आदर आहे, पण मर्यादित. तिथल्या ‘ल कॉर्दों ब्ल्यू’ या जगप्रसिद्ध शाळेची सुरुवात १८९५ साली एका बाईंनी आपल्या पाककृतींच्या मासिकाच्या वर्गणीदारांसाठी चालवलेल्या वर्गांतून झाली, हे मी एकदा त्यांना सांगितलं होतं. ‘म्हणजे मासिक खपवायला क्लास,’ एवढंच ते म्हणाले होते.

‘पॅरिस राहू दे पॅरिसला,’ ते ताईंना म्हणाले, ‘तुमची पदवी कोण देतं? आणि इमारतीला ओसी आहे ना?’

ताईंनी ब्रोशर पुढे केलं. त्यात उंच पांढरी टोपी घातलेला गोरा माणूस ताटलीवर काहीतरी ठिपके देत होता. काकांनी ब्रोशर वारा घ्यायला वापरलं.

‘शेगड्या किती? एका शेगडीमागे पोरं किती? प्रात्यक्षिकाचा माल कॉलेज देतं का आम्ही आणायचा? केलेलं खातं कोण?’

शेवटचा प्रश्न ताईंना चेष्टेचा वाटला. पण काकांच्या मते सगळं तिथेच आहे. मास्तरने दाखवायचं आणि पोरांनी वहीत उतरवून घ्यायचं, तर तो स्वयंपाकघराचा वर्ग नाही, इतिहासाचा. पोराने केलेलं पोराला गिळायला लागलं, तरच त्याला मीठ कळतं. मग ते उठले आणि म्हणाले, ‘मोरी दाखवा.’

मोरी म्हणजे भांडी घासायची जागा. ताई गोंधळल्या, मग कुणीतरी किल्ली आणली. स्टीलचं प्रशस्त सिंक होतं, त्यावरचा प्लॅस्टिकचा कागदही अजून निघाला नव्हता. काकांनी नळ सोडला. नळ खाकरला, पाणी आलं नाही. ‘चला,’ काका म्हणाले. चहासुद्धा घेतला नाही. वडिलांना त्या दिवशी प्रथमच पटलं की या माणसाला यातलं काहीतरी कळतं.

पण सगळंच कळतं असं नाही. पावाला काका स्वयंपाक मानत नाहीत. बेकरी शिकायची म्हणणाऱ्या पोराला ते रात्रपाळीची भीती घालतात. इंग्रजीची गरज त्यांना मान्य नाही आणि इथे त्यांचं साफ चुकतं, कारण पाककृतीपासून ऑर्डरपर्यंत सगळं इंग्रजी आणि वर अर्धं फ्रेंच. शिवाय अंतराचं त्यांना वेड आहे. १२ जानेवारी २०२४ला दिघा गाव स्टेशनचं उद्घाटन झालं. तोवर ऐरोली नाहीतर ठाणं गाठेपर्यंत अर्धा जीव जायचा. तेव्हापासून काकांना गाडी न बदलता जाता येईल तेच शिक्षण उत्तम वाटतं. त्यामुळे नेरूळचं कॉलेज चांगलं. दादरचं लांब, कारण ठाण्याला उतरून पूल चढावा लागतो.

आता दादर म्हणजे काही साधीसुधी जागा नाही. वीर सावरकर मार्गावरचं सरकारी आयएचएम, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज, १९५४ सालचं, देशातलं या विषयाचं पहिलं. तिथे पैसे भरून थेट शिरता येत नाही, देशभराची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती साधारण बारावीच्या निकालाआधीच उरकलेली असते. निकाल लागल्यावर जागे होणाऱ्या पालकांवर काका याच कारणासाठी खेकसतात. उशीर झालेल्यांसाठी त्यांच्याकडे आयटीआय असते. फूड प्रॉडक्शनचा ट्रेड, एक वर्षाचा, दहावीवर, फी बेताची. खरं सांगायचं तर काकांचं मन तिथेच जास्त रमतं. आयटीआयवाला पहिल्या दिवसापासून कांद्याला बसतो, हे त्यांना विलक्षण आवडतं. त्यांनी शेजाऱ्यांचंही जवळजवळ ठरवून टाकलं : यंदा आयटीआय, पुढचं पुढे.

एवढा वेळ मुलगी गप्प होती. एका संध्याकाळी काका, वडील आणि मी गॅलरीत बसून तिचं भवितव्य ठरवत असताना ती बाहेर आली आणि म्हणाली, ‘मी परीक्षा दिली होती. दादरला नंबर लागलाय.’

वडील बघतच राहिले. आत आईच्या हातातली भांडी थांबली नाहीत. म्हणजे परीक्षेची फी कुणी भरली ते कळलं.

‘आणि पूल?’ काका म्हणाले.

‘चढेन.’

‘मोरी बघितलीस?’

‘बघून आले. पाच-सहा जण भांडी घासत होते. एकाची मास्तरांनी परत घासायला लावली.’

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून चष्मा काढून तिच्या हातातली सामानाची यादी वाचायला लागले. पांढरा कोट, एप्रन, काळे बूट. सुऱ्यांच्या संचाशी आल्यावर मात्र त्यांनी यादी सरळ आपल्या खिशात घातली. ‘सुऱ्या ऑनलाइन मागवायच्या नाहीत. उद्या सकाळी ठाण्याला जाऊ. मी धार बघतो, तू मूठ बघ, आणि पप्पांना म्हणावं पैसे घेऊन या.’