जास्तीचा स्लॉट

गेमिंगच्या काँप्युटरात प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्रं काढतं, रॅम लागेल ते हाताशी धरून ठेवते आणि पॉवर सप्लाय या सगळ्यांना पोसतो. मदरबोर्ड यातलं काहीच करत नाही. तो नुसता पसरलेला असतो आणि बाकीची मंडळी त्याच्या अंगावर बसलेली असतात. महागातला घेतला म्हणून गेम पळत नाही आणि बऱ्यापैकी स्वस्तातला घेतला म्हणून रखडतही नाही. तरीही आमच्या घरात भांडण झालं ते नेमकं या एका वस्तूवरून.

भांडणाला पक्ष दोन. एक मी, दुसरी माझी भाची. अशा प्रसंगी तरुण मंडळी खर्चाच्या बाजूने आणि पिकल्या केसांची काटकसरीच्या बाजूने असतात असं ऐकून होतो. आमच्याकडे उलटं होतं. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. इंटर्नशिपचे पैसे तिने साठवले होते आणि वरची भर मी घालणार होतो. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. उभी हयात समोरच्या खुर्चीतल्या माणसाला ‘पुढची तरतूद काय?’ एवढं विचारण्याचा पगार घेतला. त्यामुळे तिने ए-फोर कागदावर लिहून आणलेली यादी पाहताच माझी नजर पहिल्यांदा कुठे गेली असेल, तर तरतूद कुठे कमी पडतेय तिकडे.

यादी चोख होती, हे मान्य. प्रोसेसर एएमडीचा रायझन 7 7800 एक्स-थ्री-डी. आठ कोअर, पण खरी मातब्बरी 96 एमबीच्या एल-थ्री कॅशेची. गेम म्हणे त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा मागतो आणि दर वेळी रॅमपर्यंत हेलपाटा घालण्यात प्रोसेसरचा वेळ जातो. म्हणून कॅशेचा एक जादा थर चिपवरच चढवून ठेवलाय. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 4070 सुपर, 12 जीबीचं, एकटंच 220 वॉट पिणारं. डीडीआर-फाइव्ह रॅमच्या 16 जीबीच्या दोन पट्ट्या. पॉवर सप्लाय 750 वॉटचा, गोल्ड. आणि मदरबोर्ड? बी-650, मायक्रो एटीएक्स, पंधरा-सोळा हजारांचा. एवढ्या थाटाच्या मंडळींना बसायला ही सतरंजी!

मी अभ्यासाला लागलो. निवृत्त माणूस अभ्यासाला लागला की घरच्यांनी सावध व्हावं. पहिला धडा सॉकेटचा. प्रोसेसर ठरला की सॉकेट ठरतं, सॉकेट ठरलं की बोर्ड कुठल्या रांगेत शोधायचा ते ठरतं; इथे ओळखपाळख चालत नाही. त्यातही इंटेलने 2017 साली जे केलं ते वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आधीच्या बोर्डांना 1151 पिना, नव्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरला 1151 पिनांचंच सॉकेट. बसायला बसतो. पण चालत नाही, नवा बोर्ड घ्या. आमच्या शाखेत कोणी असं केलं असतं तर चौकशी लागली असती. त्यामानाने एएमडीचं वागणं मला खातेदाराला धरून वाटलं. एएम-फोर हे सॉकेट 2016 साली आलं आणि त्यावर बसणारे नवे प्रोसेसर कितीतरी वर्षं निघत राहिले. 2022 च्या सप्टेंबरात आलेलं एएम-फाइव्ह 2027 आणि त्यापुढेही चालवू, असं कंपनीने जाहीर केलंय. म्हणजे आज घेतलेल्या बोर्डावर उद्याचा प्रोसेसर. माझा तर मुद्दाच हा होता.

‘‘मग बोर्ड दणकट नको का? एक्स-670-ई घेऊ.’’

‘‘मामा, चाळीस हजारांच्या पुढे जातो तो.’’

‘‘पण चिपसेट बघ ना केवढा!’’

‘‘केवढा नाही, किती. बी-650 मध्ये जी चिप एक असते तीच त्यात दोनदा लावलीय. यूएसबीची भोकं वाढतात, एसएसडीचे स्लॉट वाढतात. एफपीएस एकही वाढत नाही.’’

‘‘ग्राफिक्स कार्डाला पीसीआय-ई फाइव्ह मिळतं.’’

‘‘आपलं कार्ड फोरचं आहे.’’

‘‘पुढचं फाइव्हचं असेल.’’

‘‘पुढचं येईल तेव्हा बघू.’’

‘तेव्हा बघू’ हे वाक्य माझ्या पिढीत फक्त वाया गेलेली माणसं बोलायची. मी तिला घराचं उदाहरण दिलं. वायरिंग करताना शहाणा माणूस प्रत्येक खोलीत दोन पॉइंट जास्त काढून ठेवतो. नंतर भिंत फोडायला लागत नाही. त्यावर तिने बैठकीच्या खोलीतल्या कपाटामागच्या माझ्या तीन पॉइंटांकडे नुसतं पाहिलं. आमचं कपाट हललेलं नाही, हे खरं. पण हललं तर?

वाद चिघळू नये म्हणून ताईने आम्हाला दोघांनाही घराबाहेर काढलं. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं ठळक लिहिलंय; पाटी वाचणारा तिथे बहुधा मी एकटाच होतो. दुकान दोन स्टुलांच्या रुंदीचं आणि उंचीला मात्र छताला भिडलेलं. माल मागितला की एक पोरगा काठीने वरचा खोका टिचकवायचा आणि खाली छातीवर झेलायचा. चाळीस हजारांचा बोर्डही तसाच आला. मालकाने मान वर केली नाही, मी मात्र डोळे मिटले.

मालकाने भाचीचा कागद वाचला. वरपासून खालपर्यंत, मग पुन्हा. ‘‘ताई, लिस्ट बरोबर आहे,’’ असं जड मनाने म्हणाला आणि कागद खाली ठेवून माझ्याकडे वळला. या दुकानदारांना कुठलं गिऱ्हाईक कच्चं ते बरोबर कळतं.

‘‘काका, बोर्ड थोडा वरचा घ्या. फ्यूचर-प्रूफ होईल.’’

इतके दिवस घरात मी मराठीत तेच सांगत होतो, पण कोणी ऐकत नव्हतं. मग त्याने फेज दाखवले. प्रोसेसरला वीज गाळून देणाऱ्या या वाटा. जितक्या जास्त तितकी प्रत्येकीवर झळ कमी. कुठल्या बोर्डात किती, हे तो भाजीचे भाव सांगावे तसं सांगत होता. वर जाड, करवती दातांचं अ‍ॅल्युमिनियम. हातात घेतला तर वजन लागत होतं. जे वजनाला लागतं त्यावर माझा विश्वास बसतो.

‘‘आपला प्रोसेसर 120 वॉटचा आहे,’’ भाची म्हणाली. ‘‘त्याला साधे फेज पुरतात. आणि मामा, या बोर्डात त्यांना मार्जिन जास्त असतं.’’

‘‘असू दे,’’ मी म्हटलं. ‘‘त्यांनाही पुढची तरतूद असेलच.’’

मालकाने त्या क्षणी कटिंग मागवला.

शेवटी तडजोड झाली. बी-650 च, पण मायक्रो नाही, पुरा एटीएक्स, 305 बाय 244 मिलिमीटरचा. मायक्रोत एम-टू एसएसडीचे स्लॉट दोन होते, यात तीन. फरकाची रक्कम मी वेगळी मोजून दिली, म्हणजे न्यायाने तो तिसरा स्लॉट माझा. बिलात तसा उल्लेख नाही, एवढंच. बिलाविनाच्या भावाचा विषय मालकाने काढला होता, पण माझा चेहरा पाहून त्याने स्वतःच अठरा टक्के जीएसटी लावला. प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर बिलावर चढेपर्यंत मी हललो नाही. परतीच्या गाडीत खोका मांडीवर घेऊन बसलो होतो, तर शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, ‘‘मिठाई का?’’ किंमत सांगितली असती तर त्यांनी उठून जागा दिली असती.

जोडणीला जेवणाचं टेबल मिळालं. सॉकेटचं झाकण काढल्यावर आत जे दिसतं ते प्रत्येकाने एकदा तरी पाहावं. सोनेरी केसांसारख्या 1718 पिना, सगळ्या एकाच बाजूला किंचित कललेल्या. पूर्वी, म्हणजे एएम-फोरपर्यंत, एएमडीच्या पिना प्रोसेसरला असायच्या; आता त्या बोर्डात आल्यात, म्हणजे वाकल्या की बोर्ड गेला आणि वॉरंटीवाले हात वर करणार. भाचीने कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून प्रोसेसर नुसता ठेवला. दाबायचा नसतो. दाबायची असते ती बाजूची दांडी, आणि ती दाबताना जो करकर आवाज येतो तो ऐकून ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘‘असाच येतो,’’ असं आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. त्या दिवसातलं आमचं ते पहिलं एकमत.

कॅबिनेटच्या बटणाच्या वायरी मात्र माझ्याकडे आल्या. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात दोन ओळींत नऊ पिना, शेजारी मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. चेकवरच्या सह्या पडताळायचं माझं भिंग निवृत्तीनंतर पहिल्यांदा बाहेर निघालं. बटणाची वायर उलटसुलट कशीही चालते, दिव्याची चालत नाही. उलटी लागली तर मोडत काही नाही, दिवा लागत नाही इतकंच.

रॅमच्या दोन पट्ट्या तिने दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या. पहिली आणि तिसरी रिकामी.

‘‘या कशाला ठेवल्यात?’’

‘‘चारही भरल्या तर वेग उतरतो, मामा. दोनच भरायच्या.’’

म्हणजे कंपनीनेच, दोन खाचा बहुतेकांनी रिकाम्याच ठेवाव्यात म्हणून बसवून दिल्या होत्या. एवढं कळल्यावर माझ्या तिसऱ्या स्लॉटबद्दल कोणी बोलण्याचा प्रश्नच उरला नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळाच. मिनिट गेलं, आणखी काही गेली. ताईने देवापुढे हात जोडले ते मी पाहिलं. भाची मात्र बिस्किट खात होती. नवा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना समोरच्या रॅमशी कोणत्या गतीने बोलायचं ते आजमावून बघतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि एएम-फाइव्हमध्ये त्याला चांगलाच वेळ लागतो. घाबरून मधेच बंद करणाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं. चित्र आलं तेव्हा तिने सरळ बायोसमध्ये जाऊन एक्स-पो चालू केलं. ही गंमत मला ठाऊकच नव्हती. रॅमवर 6000 छापलेलं, पैसे 6000 चे घेतलेले. पण हा एक पर्याय आपण होऊन निवडला नाही तर ती 4800 ने धावत राहते आणि कोणी कळवत नाही. अर्ज केल्याशिवाय लाभ नाही, ही पद्धत मी चालवलेली आहे. ती समोरून इतकी संतापजनक दिसते याची कल्पना नव्हती.

आता काहीतरी भव्य दिसणार म्हणून मी खुर्ची ओढून बसलो. मोठे गेम शंभर-दीडशे जीबीचे. ते उतरायला रात्र लागणार होती. तोवर म्हणून तिने स्टारड्यू व्हॅली लावला. चौकोनी ठिपक्यांचा गेम, 2016 चा, एकट्या माणसाने बनवलेला, 2 जीबी रॅमवरही चालणारा. पडद्यावर एक शेत आलं. त्यात ती झारीने पाणी घालू लागली.

‘‘प्रोसेसर किती वापरतोय गं?’’

तिने टास्क मॅनेजर उघडून दाखवलं. तीन टक्के.

‘‘बघ ताई,’’ मी म्हटलं, ‘‘सत्त्याण्णव टक्के शिल्लक आहे.’’

ताई पदराला हात पुसत म्हणाली, ‘‘मग दुकान बंद व्हायच्या आत तेवढं परत करून या.’’