त्याचं काय?

परवा महाबळेश्वरच्या बाजारात पाऊस चुकवायला एका चणेवाल्याच्या छपराखाली शिरलो, तर आत आधीच टिंबगुरुजी उभे. माझ्या तोंडून निघून गेलं, "बापरे, काय हा पाऊस!" लगेच जीभ चावली, पण उशीर झाला होता. गुरुजींनी चष्म्यावरचं पाणी धोतराच्या सोग्याला पुसलं, मान तिरकी केली आणि विचारलं, "पावसाचं काय?"

तुमच्या गावातही असे एक असणारच. निवृत्त, काखेत छत्री, खिशाला लाल पेन. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताआधी शुद्धलेखन बघणारे. आमचे गुरुजी ऱ्हस्व-दीर्घाला एकवेळ क्षमा करतील. अर्धवट वाक्याला कदापि नाही. (हे अर्धवट झालं. कळतंय मला.)

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीच्या पोरांना त्यांनी जन्मभर एकच कसोटी शिकवली. ऐकल्यावर 'त्याचं काय?' असं विचारावंसं वाटलं, तर ते वाक्य नव्हे. 'वेण्णा तलावाच्या काठी धुक्यात उभा असलेला पांढरा घोडा.' बरं, त्याचं काय? काही नाही; नुसताच उभा. 'घोडा लंगडतो.' झालं वाक्य. 'थांब.' हेसुद्धा झालं. पोरांना हे पटत नसे, कारण पोरांच्या हिशेबी लांब ते पूर्ण आणि आखूड ते अर्धं. गुरुजी म्हणत, "तू 'थांब' म्हटलंस की घोडा थांबतो ना? मग त्याला कळलं, तुला का कळत नाही?"

इथवर ठीक होतं. पण गुरुजी निवृत्त झाले आणि अख्खं गाव त्यांचा वर्ग झालं. फळवाल्यानं पाटी लावली, 'ताजी स्ट्रॉबेरी'. गुरुजी पाटीखाली जाऊन उभे. "त्याचं काय?" फळवाला म्हणाला, "त्याचं शंभर रुपये, गुरुजी." घरी काकूंनी आतून आवाज दिला, "चहा!" हे म्हणाले, "चहाचं काय?" काकू म्हणाल्या, "मोरीत ओतला." गुरुजींनी समाधानानं मान हलवली. "हं. आता कसं पूर्ण झालं."

उलट दिशेचा आजार म्हणजे 'आणि मग'. सहलीचा निबंध घ्या. आम्ही प्रतापगडला निघालो आणि मग मला गाडी लागली आणि मग बाई ओरडल्या आणि मग आम्ही गड बघितला आणि मग भजी खाल्ली आणि मग परत गाडी लागली. पोरं म्हणत, "गुरुजी, दम लागला की टिंब देतो." गुरुजी म्हणत, "दम लागला म्हणून टिंब द्यायचं नसतं. एक गोष्ट सांगून झाली म्हणून द्यायचं असतं." इथल्या पावसावरही त्यांचा हाच आक्षेप. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, जूनला सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत नुसते स्वल्पविराम.

पोरं सगळी स्ट्रॉबेरीवाल्यांच्या घरची. म्हणून गुरुजींनी वर्गात तीन रिकामी खोकी मांडली होती. एकावर लिहिलं 'कच्चं', दुसऱ्यावर 'तयार', तिसऱ्यावर 'उतरलेलं'. वाक्यांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि माल निवडतात तशा निवडायच्या. देठाशी पांढरं राहिलेलं फळ आणि क्रियापद नसलेली ओळ एका खोक्यात. बोट लागताच पाणी सोडणारं फळ आणि 'आणि मग'वाली ओळ तिसऱ्यात. पाटीवर दहा वेळा लिहून जे कळलं नसतं ते पोरांना एका दुपारी कळलं. निवडायला ती आईबापांच्या हाताखाली आधीच शिकली होती.

गुरुजींचं दैवत म्हणजे मेजर थॉमस कँडी. मोडी लिहिणारी मंडळी शब्दसुद्धा तोडत नसत; ओढलेल्या रेघेखाली मजकूर सलग चालायचा. कँडीसाहेबांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुजवली, आणि १८७७ साली ते वारले ते इथे, महाबळेश्वरात. "मराठीला टिंब देणाऱ्याचं टिंब आपल्या गावात पडलं," असं गुरुजी पर्यटकांना धरून सांगतात. बिचाऱ्यांना मॅप्रो गार्डनचा रस्ता हवा असतो.

गावची दुसरी वाङ्मयीन घटना २००९ची. ब्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे भरलं. निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव यांना तुकारामांवरच्या कादंबरीच्या वादात आधीच राजीनामा द्यावा लागला, आणि संमेलन अध्यक्षांविना झालं. साहित्यिक हळहळले. गुरुजींनी मात्र व्याकरण चालवलं, "कर्ता अध्याहृत आहे. चालतं मराठीत."

माणूस वैताग आहे, यात शंका नाही. पण शाळा समितीवर होतो तेव्हाची एक दुपार मला विसरता येत नाही. चिठ्ठ्या निवडणं चाललं होतं. कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबातला एक मुलगा, वर्गात नवा, कधी न बोलणारा. त्यानं स्वतः लिहिलेली चिठ्ठी वाचली, "माझी आई."

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "आईचं काय?"

पोरगा खाली फरशीकडे बघत राहिला. गुरुजी उठले, चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली, तिची नीट घडी घातली आणि मधल्या खोक्यात टाकली. 'तयार'मध्ये.

पहिल्या बाकावरची हुशार मुलगी म्हणाली, "गुरुजी, क्रियापद नाही त्यात."

"आहे. अध्याहृत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे असतं, पण दिसत नाही," गुरुजी म्हणाले आणि फळ्याकडे वळले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. तरी ते बराच वेळ पुसत राहिले.

हा लेख काल त्यांना वाचायला नेऊन दिला. त्यांनी लाल पेन काढलं, अकरा ठिकाणी टिंबं दिली, माझे दोन 'आणि' खोडले. ती तीन खोकी आता त्यांच्या ओसरीवर असतात. कागदाची घडी घालून त्यांनी तो तिसऱ्या खोक्यात टाकला.