सोडतीतील सदनिका विकू इच्छिणाऱ्या गृहस्थास जमाखर्चाविषयी चार शब्द

शासनकृपेने सोडतीत लाभलेली सदनिका बाजारभावाने विकून आपण सधन होणार, अशी ज्या गृहस्थांची धारणा झाली असेल, त्यांनी दलालास निरोप धाडण्यापूर्वी एक कोरी वही आणावी, तिच्या डाव्या पानावर गिऱ्हाइकाने तोंडी कबूल केलेली रक्कम सुवाच्य अक्षरांत मांडावी आणि ती डोळे भरून पाहून घ्यावी. कारण नावेची बाजू सुरू झाली की जमेकडे पाहण्याचा धीर सहसा उरत नाही.

पहिली रक्कम काळाची. म्हाडाचे घर ताबा मिळाल्यापासून ५ वर्षे विकता येत नाही. या अवधीत अंबरनाथच्या शिवगंगानगरापासून बदलापूरपर्यंत कोठेही राहणाऱ्या अधीर माणसास कुलमुखत्यारपत्राची युक्ती सुचवणारा कोणी हितचिंतक हमखास भेटतो. अशा पत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले असल्याने, आणि या व्यवहारात प्रत्यक्ष घरच गमावण्याचा संभव असल्याने, हा मार्ग कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही.

मुदत सरल्यावर हस्तांतरणाच्या परवानगीसाठी वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनात, कोकण मंडळाकडे, अर्ज गुदरावा. शुल्काचा आकडा आधी लेखी विचारून घ्यावा. दादरला गाडी बदलण्याचा, दुपारच्या वड्याचा आणि बुडालेल्या रजेचा आकडा स्वतःच धरावा. अर्जासोबत मूळ देकारपत्र लागते. ते बहुधा देव्हाऱ्याखालच्या खणात, गतवर्षांच्या पंचांगांच्या घडीत सापडते, आणि सोडत लागली त्या दिवशी त्याची यथासांग पूजा झालेली असल्यामुळे नेमके अर्जक्रमांकावर हळदीचे बोट उमटलेले असते. “हे काय लागलंय, काका?” असे कारकुनाने विचारल्यास भावनेचा आश्रय न करता छायांकित प्रत पुढे करावी, भावनेने दप्तर हलत नाही, असा आमचा अनुभव आहे.

पुढे गृहनिर्माण संस्था. शासनाच्या २००१ सालच्या परिपत्रकान्वये ‘अ’ वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य २०,००० रुपयांच्या वर घेता येत नाही, आणि देणगी वा अन्य कोणत्याही नावाखाली जादा रक्कम मागण्यासही मनाई आहे. हे सेक्रेटरीसाहेबांना ठाऊक असते. म्हणून ते मागत नाहीत. ते केवळ जिन्याच्या भिंतीकडे पाहून सुस्कारा सोडतात, गच्चीच्या गळतीचा विषय काढतात, आणि ना-हरकत दाखल्यावर सही करण्यासाठी काढलेल्या लेखणीचे टोपण पुन्हा लावतात. त्या वेळी परिपत्रकाची प्रत खिशात असावी व मुद्रा अत्यंत नम्र असावी.

घरपट्टी, जीवन प्राधिकरणाचे पाणी व महावितरणची वीज यांची बाकी एका ओळीत उरकावी. दलालीचा दर पहिल्या चहापूर्वी ठरवावा. नंतर तो ठरलेलाच असतो.

आयकराचे प्रकरण मात्र सावकाश वाचावे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के सरळ, की महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्के, यांपैकी हलका पडेल तो मार्ग निवडता येतो. सवलतीत मिळालेल्या घराची मूळ किंमत अल्प, म्हणून नफा मोठा. पूर्वीची कृपा अशी करपात्र होऊन भेटते. विक्रीनंतर २ वर्षांत दुसरे घर घेऊन त्यात नफा गुंतवल्यास कर वाचतो, हे ऐकून गृहस्थ हर्षभरित होतो आणि घर पाहावयास निघतो.

येथे अंदाजपत्रकाचे अखेरचे कलम उपस्थित होते. हाती उरलेल्या रकमेचे मोजमाप रुपयांत न करता स्थानकांत करावे: अंबरनाथात तेवढेच घर मिळत नाही, बदलापुरात एक खोली कमी मिळते, वांगणीत जमते, शेलूस तर गॅलरीही मिळते. वांगणीहून काढाव्या लागणाऱ्या वाढीव मासिक पासाची रक्कम विक्रीच्या खाती घालावी की खरेदीच्या, याविषयी हिशेबनिसांत मतभेद आहेत. आम्ही ती विक्रीच्या खाती घालतो.