बाविशे

भोईवाडा कोर्टात एका वकिलाकडे कारकुनी करणाऱ्या या गृहस्थांचं खरं आडनाव आता पोस्टमनशिवाय कुणाला आठवत नाही. चाळिशी उलटल्यावर त्यांनी दात सरळ करायला घेतले. तारांची लाज वाटली म्हणून पारदर्शक अलायनर, म्हणजे काढता-घालता येणारे प्लास्टिकचे ट्रे, लावले. ‘दिवसाचे बावीस तास तोंडात’ हा नियम मग त्यांनी जिन्यात, नळावर, गॅलरीत इतक्यांना ऐकवला की चाळीने त्यांना बाविशेच करून टाकलं.

नियम सांगणं सोपं. बाविश्यांचा खरा हात नियमातली फट शोधण्यात. उभी हयात तारखा मागण्यात गेलेली. ‘ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी प्यायचं,’ असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तेव्हा यांचा पहिला प्रश्न होता, “पाण्याची व्याख्या काय?” शहाळं पाण्यात धरायचं का? सोलकढी? आरतीनंतरचं तीर्थ? शहाळं आणि सोलकढी बाईंनी तिथल्या तिथे फेटाळली. तीर्थापाशी त्या क्षणभर थांबल्या. तेवढा क्षण बाविशे अजून पुरावा म्हणून वापरतात.

बाईंनी कारणही नीट समजावलं होतं. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात आणि त्या आम्लात दातावरचं इनॅमल विरघळू लागतं. एरवी लाळ येते, आम्ल सौम्य करते, थोडीफार झीज भरूनही काढते. ट्रे चढवला की लाळेची वाट बंद. त्यात चहाचा घोट आत शिरला, तर दात त्या गोडातच डुंबत बसतात. शिवाय ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर चिकटवलेले बारीक उंचवटे. त्यांच्या कडेला अन्नाचे कण अडकणार ते वेगळेच. हे सगळं बाविश्यांना तोंडपाठ आहे. कोर्टाबाहेरच्या टपरीवर, हातात कटिंग घेऊन, ते पक्षकारांना समजावून सांगतात.

कटिंग घ्यायला हरकत नाही, कारण त्यांचा हिशोब तयार असतो. चोवीसातून बावीस गेले, राहिली १२० मिनिटं. दोन जेवणांना साठ. उरलेल्या साठांत पाच-पाच मिनिटांचे बारा चहा. नियम कुठेच मोडला नाही! मी हा हिशोब तपासला आहे; बेरजेत एका मिनिटाचीही चूक नाही.

बाईंनी या हिशोबाचा कागद पाहिला आणि खाली स्वतःची एक ओळ लिहिली : एका गोड चहानंतर तोंड ताळ्यावर यायला साधारण अर्धा तास, म्हणजे बारा चहांचे सहा तास, आणि तेही वर ट्रेचं झाकण लावून. “किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली ते बघा,” त्या म्हणाल्या. “गोड खायचंय ना? जेवणातच खा. मग फ्लोराइडच्या पेस्टने घासा, फटींतून दोरा फिरवा, ट्रे धुवा आणि मग घाला. कोर्टात ब्रश नसेल तर निदान खळखळून चूळ तरी भरा.”

“घासायचा वेळ खाण्याच्या वेळेत धरायचा, की स्वतंत्र?” बाविश्यांनी विचारलं.

दातांवर बोलायचा हक्क आपल्याला परळच्या वस्तीनेच दिलाय, असं त्यांचं म्हणणं. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली विको सुरू केली ती परळमध्येच, आणि पहिला माल होता वज्रदंतीची दंतमंजन पावडर. बाविशे ही माहिती अशा थाटात देतात की पेंढरकरांना पहिली पुडी बांधून यांनीच दिली असावी. जन्म त्यानंतर पंचवीसएक वर्षांनी झाला, ही अडचण ते तांत्रिक मानतात.

घरात मात्र त्यांचं काही चालत नाही. आईने एकदा ट्रे बाळाच्या दुधाच्या बाटलीसारखा उकळून काढला. गरम पाण्याने तो प्लास्टिकचा तुकडा असा काही वाकला की कुणाच्याच जबड्याला बसेना. दुसरा ट्रे टपरीवर गेला; कागदात गुंडाळून ठेवला आणि वड्याच्या कागदाबरोबर टोपलीत टाकला. डबी खिशातच होती. “डबी ट्रे ठेवायला असते रे, मेल्या,” आई म्हणाली. “त्यात बडीशेप कसली भरतोस?”

गणपतीत तर कहरच. मजल्यावर पाच घरी गणपती, पाच आरत्या, पाच तऱ्हेचा प्रसाद. “प्रसाद नाकारायचा तर अपील कुणाकडे करायचं?” एवढं विचारून ते मोकळे.

दिवाळीआधी तपासणी झाली. वरच्या दोन दातांवर खडूसारखे पांढरे डाग निघाले. कीड लागण्याची ही पहिली खूण. खड्डा पडलेला नाही, नीट जपलं आणि फ्लोराइड मिळालं तर इथेच थांबू शकते, असं बाईंनी सांगितलं. बाविश्यांचा चेहरा उजळला. डाग आहे, खड्डा नाही, म्हणजे जामीन! अटी असतात, त्या वकिलाने वाचायच्या.

संध्याकाळी त्यांनी मजल्यावर पेढे वाटले. एक स्वतः खाल्ला. ट्रे काढूनच खाल्ला, हे त्यांनी प्रत्येक दारात वेगळं सांगितलं. विचारलं कुणीच नव्हतं.