हवामान पटलावर ठेवले आहे

३ ऑगस्ट २०२२, बुधवार. संसदेचं पावसाळी अधिवेशन चालू होतं. त्या एकाच दिवशी दिल्लीत हवामानबदलाची दोन कामं उरकली गेली.

पहिलं काम मंत्रिमंडळाचं. २०३० पर्यंत भारत कार्बन उत्सर्जनाबाबत काय करणार, हे जगाला लिहून द्यायचा सुधारित कागद त्याने मंजूर केला. दुसरं काम लोकसभेचं. कार्बन क्रेडिटच्या बाजाराला कायद्याचा पाया देणारं ऊर्जा संवर्धन दुरुस्ती विधेयक तिथे मांडलं गेलं. पहिल्या कामाशी सभागृहाचा काडीचा संबंध नव्हता. दुसऱ्याशी होता, पण तो पाच दिवसांपुरता. ३ तारखेला मांडलेलं विधेयक ८ तारखेला लोकसभेत मंजूर. त्यातले शनिवार-रविवार वजा करा. शनिवारी खासदारांनी मतदान केलं, नाही असं नाही, पण ते उपराष्ट्रपती निवडण्यासाठी. म्हणजे विधेयक वाचायला, समजून घ्यायला आणि कुणा जाणत्याला फोन करायला उरले गुरुवार आणि शुक्रवार. स्थायी समितीकडे पाठवायची भानगडच नाही. सोमवारी विधेयक मंजूर झालं आणि त्याच दिवशी, ठरल्यापेक्षा चार दिवस आधी, अधिवेशनाचं सूप वाजलं. एवढ्या वेळात आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या झाकणाचं कोटेशनसुद्धा येत नाही.

मंत्रिमंडळाच्या त्या कागदाची गंमत तर आणखी वेगळी. १ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगोच्या परिषदेत पंतप्रधानांनी पाच वचनं दिली होती आणि त्यांना 'पंचामृत' असं प्रसन्न नाव दिलं होतं. कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांची वीजक्षमता ५०० गिगावॉटवर नेणार. निम्मी ऊर्जा अक्षय स्रोतांतून घेणार. उत्सर्जनात १ अब्ज टनांची कपात करणार. राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागे होणारं उत्सर्जन ४५ टक्क्यांनी उतरवणार. आणि २०७० मध्ये नेट झिरो. टाळ्या झाल्या. नऊ महिन्यांनी लेखी कागद आला, तर त्याच्या उद्दिष्टांत ५०० गिगावॉट नाहीत आणि १ अब्ज टनही नाहीत. 'निम्मी ऊर्जा' होती, तिची झाली 'वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता'. हा फरक किरकोळ नाही. निम्म्या क्षमतेचा टप्पा भारताने २०२५ च्या मध्यावर, पाच वर्षं आधीच गाठला आणि पेढे वाटले गेले. घरात प्रत्यक्ष येणारी वीज मात्र अजून दहा युनिटांतली सातेक युनिटं कोळशातूनच येते. सूर्य रात्री रजेवर असतो, कोळसा नसतो.

यात लबाडी आहे असं माझं म्हणणं नाही. कागदावर कमी लिहून प्रत्यक्षात जास्त करणं हा वाटाघाटीतला जुना शहाणपणा आहे. श्रीमंत देशांनी दीडशे वर्षं धूर सोडला, आता आपण आधीच हात का बांधून घ्यायचे, हा प्रश्नही रास्तच आहे. पण हा प्रश्न विचारायची आणि त्याचं उत्तर नोंदवून घ्यायची देशात एक ठरलेली जागा आहे. पूर्वी ती गोल होती, आता त्रिकोणी आहे. पाचांतली दोन वचनं कागदातून का गळली, हे त्या जागेत ठणकावून विचारलं जायला हवं होतं. अधिवेशन चालूच होतं, बाहेरून कुणाला बोलावणं धाडायचीही गरज नव्हती.

आंतरराष्ट्रीय कराराआधी संसदेची संमती घ्या, असं आपली राज्यघटना म्हणत नाही. पॅरिस करार २ ऑक्टोबर २०१६ रोजी, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, असाच मंत्रिमंडळाच्या मंजुरीवर पक्का झाला. आधीच्या सरकारनेही काही वेगळे दिवे लावले नव्हते. २००८ चा राष्ट्रीय कृती आराखडा आणि त्याची आठ अभियानं पंतप्रधानांच्या परिषदेतून आली, सभागृहाच्या मतदानातून नव्हे.

तरी एक प्रसंग नोंदवण्यासारखा आहे. कोपनहेगनच्या परिषदेच्या तोंडावर, ३ डिसेंबर २००९ रोजी, पर्यावरणमंत्री जयराम रमेश लोकसभेत उभे राहिले आणि २०२० पर्यंत उत्सर्जनाची तीव्रता २० ते २५ टक्क्यांनी कमी करू, हा आकडा त्यांनी जगाच्या आधी सभागृहाला सांगितला. विरोधक तुटून पडले. मंत्री परत आल्यावर राज्यसभेत पुन्हा खडाजंगी झाली, सभात्याग झाला. आकडा बरोबर की चूक, यावर आजही वाद घालता येईल. पण मंत्री आधी लोकसभेत गेले आणि मग विमानात बसले, हा क्रम मला आवडतो. ग्लासगोच्या वेळी तो उलटा झाला : वचन १ नोव्हेंबरला, हिवाळी अधिवेशन २९ नोव्हेंबरला.

त्या हिवाळी अधिवेशनात लोकसभेने हवामानबदलावर चर्चा केली, हेही सांगायला हवं. डिसेंबर २०२१ मध्ये, नियम १९३ खाली, द्रमुकच्या कनिमोळी यांनी ती सुरू केली. नियम १९३ ही आपल्या संसदेची मोठी सोय आहे. त्यात प्रस्ताव नसतो, मतदान नसतं, ठराव नसतो. सभासद बोलतात, मंत्री उत्तर देतात, कामकाज पुढे सरकतं. सगळ्यांनी चिंता व्यक्त केली, तिचं पुढे काय झालं, असं विचारायची सोय नियमातच नाही.

उलट विधेयक आलं की पक्षादेश निघतो. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे तिथे आपलं डोकं बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवून जाणं सोयीचं. जिथे मत मोजलं जातं तिथे खासदाराने स्वतःचा विचार करायचा नाही, आणि जिथे विचार मांडायची मुभा आहे तिथे मत मोजायचं नाही. या व्यवस्थेत सगळे सुखी आहेत. सरकार तर फारच.

वन संवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीत हे सुख पराकोटीला पोहोचलं. पर्यावरणाची स्थायी समिती असताना विधेयक खास नेमलेल्या संयुक्त समितीकडे गेलं. समितीकडे तेराशेच्या आसपास निवेदनं आली. एवढ्या कागदांतून समितीला विधेयकात बदलण्याजोगं काय सापडलं? एक स्वल्पविरामही नाही. विरोधी सभासदांची असहमतीची टिपणं जोडली गेली, आणि विधेयक होतं तसंच दोन्ही सभागृहांतून पार पडलं. सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतल्या जंगलात सुरक्षेशी संबंधित राष्ट्रीय प्रकल्पांना या कायद्याने सूट दिली. आणि प्रस्तावनेत काय घातलं? २०७० चं नेट झिरो! ज्या वचनावर सभागृहाने कधी मत दिलं नाही, त्याला कायद्यात जागा मिळाली ती जंगलाला सूट देणाऱ्या दुरुस्तीच्या कपाळावर, गंधासारखी.

राहता राहिले प्रश्न. १९९९ ते २०१९ या २० वर्षांत आपल्या संसदेत हवामानबदलावर विचारले गेलेले प्रश्न एका अभ्यासात मोजले आहेत : जवळपास नऊशे. ऐकायला बरं वाटतं, पण एकूण प्रश्नांच्या अर्ध्या टक्क्याइतकेही ते भरत नाहीत. उत्तरांचा साचाही ठरलेला. अमुक पूर, तमुक दरड हवामानबदलामुळे का, असं विचारलं की सांगायचं : आपत्तींचा अभ्यास अनेक जण करतात, पण एखादी आपत्ती हवामानबदलाच्याच खात्यावर टाकण्याचं शास्त्र गुंतागुंतीचं आहे आणि अजून विकसित होत आहे. शास्त्र म्हणून हे अगदीच खोटं नाही. पण अधिवेशनामागून अधिवेशनं प्रश्न तोच आणि उत्तर तेच असेल, तर विकसित नेमकं काय होत आहे?

परदेशी लोकप्रतिनिधींनी निदान काही नाट्य तरी केलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ओक्लाहोमाचे सिनेटर जेम्स इनहॉफ अमेरिकी सिनेटमध्ये बर्फाचा गोळा घेऊन आले. बाहेर थंडी आहे, मग कसली तापमानवाढ, असा त्यांचा युक्तिवाद, आणि ते सिनेटच्या पर्यावरण समितीचे अध्यक्ष होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे अर्थमंत्री स्कॉट मॉरिसन यांनी संसदेत दगडी कोळशाचं ढेकूळ उंचावून दाखवलं आणि घाबरू नका, हा चावत नाही, अशा थाटाचं भाषण केलं. हाताला काळं लागू नये म्हणून ढेकळाला लाखेचा लेप दिला होता म्हणतात. पुढच्याच वर्षी ते पंतप्रधान झाले. ब्रिटनने २००८ मध्ये कायदा करून कार्बनचा हिशेब सरकारने संसदेला द्यायची सक्ती केली. पण २०१९ मध्ये तिथेच नेट झिरोचं उद्दिष्ट दीड तासाच्या चर्चेत, मतदानाशिवाय निकाली निघालं. तेव्हा साहेबाच्या संसदेची आरती ओवाळायचं कारण नाही. मात्र सरकार हिशेबात चुकलं तर ब्रिटनमध्ये त्याला कोर्टात खेचता येतं. आपल्याकडे कशाच्या आधारे खेचणार?

मतदारसंघात आमचा लोकप्रतिनिधी हवामानाला भेटतो, पण गमबूट घालून. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं आणि महाडजवळच्या तळियेत दरडीखाली ८० हून अधिक माणसं गेली. दर वेळी दौरा, पंचनाम्याचे आदेश, नारळ-सुपारीच्या बागांचे फोटो, 'भरीव मदत' हे दोन शब्द. बांधावर उभं राहून तहसीलदाराला झापणं हे कॅमेऱ्यात दिसतं. विधेयकाच्या अमुक कलमावर दुरुस्ती सुचवणं कुणाला दिसतं? लोकही तसेच, म्हणजे आपण. खासदाराच्या वर्षाच्या ५ कोटींच्या निधीतून आपण काय मागतो? हायमास्ट दिवा, सभामंडप, पेव्हर ब्लॉक. पाणी मुरायची उरलीसुरली जागा आपणच अर्ज करून बुजवून घेतो आणि पुढच्या जुलैत गल्लीत पाणी तुंबलं की त्याच खासदाराला फोन लावतो.

उकाड्याला तर पंचनाम्याचंही भाग्य नव्हतं. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी केंद्राच्या मदतीला पात्र आपत्तींची यादी १२ नावांची होती. त्यात थंडीची लाट होती, हिमस्खलन होतं, त्सुनामी होती, पिकांवरची कीड होती. उष्णतेची लाट नव्हती. राज्यांनी स्थानिक आपत्ती म्हणून आपल्या निधीतला थोडा वाटा हवा तर खर्चावा. खासदारांनी विचारलं, तर सरकार १५व्या वित्त आयोगाकडे बोट दाखवायचं : आयोगाने यादी वाढवायची शिफारस केली नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या माणसाने मे महिन्यात मरायचंच झालं तर गारठून मरावं, म्हणजे कागदपत्रं सुरळीत होतील.

आता एवढं सगळं ज्यांनी करायचं त्यांनी नाही केलं, तर करायचं कुणी? माळढोकाने. विनोद नाही. माळढोक पक्षी उच्चदाब तारांवर आपटून मरतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्याला आपण त्याचं नाव दिलं, पण तिथेही आता त्याचं दर्शन म्हणजे नवस फळल्यासारखं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या घडणीत मोठा वाटा असलेले निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने गुजरात-राजस्थानातल्या त्याच्या अधिवासात तारा जमिनीखालून न्या म्हटलं. सरकारने अडचण मांडली : एवढा खर्च झाला तर सौरऊर्जेचं काय, आणि आपण जगाला दिलेल्या वचनांचं काय? म्हणजे सभागृहात मतदानाला कधीही न आलेली वचनं न्यायालयात मात्र भरभक्कम पुरावा म्हणून कामाला आली. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने आधीचा आदेश सौम्य केला, आणि त्याच निकालात सांगितलं की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकाचा हक्क आहे, कलम १४ आणि २१ मधून येणारा. आणि हेही नोंदवलं की या विषयाला कवेत घेणारा एकही स्वतंत्र कायदा देशात नाही.

पक्ष्याच्या वाट्याचं संरक्षण आक्रसलं, पण त्याच्या खटल्यातून १४० कोटी लोकांना एक मूलभूत हक्क मिळाला. माळढोकाला मतदारसंघ नाही आणि पक्षही नाही. कदाचित म्हणूनच जमलं असावं.

कायदा नाही म्हणून कुणी प्रयत्नच केला नाही, असं मात्र नाही. हवामानबदलावर अशासकीय विधेयकं आली आहेत, एकाहून अधिक पक्षांच्या सभासदांची, आणि काही खरंच घाम गाळून लिहिलेली. त्यांना लोकसभेत वेळ असतो शुक्रवारी, दिवसाच्या शेवटच्या अडीच तासांत. त्याच सुमाराला दिल्ली विमानतळावर मुंबई, पुणे आणि नागपूरच्या रांगा लागलेल्या असतात. शनिवारी मतदारसंघात तीन लग्नं आणि एका हायमास्टचं लोकार्पण असतं. स्वातंत्र्यापासून अशी एकूण १४ विधेयकं मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. शुक्रवारच्या त्या अडीच तासांत सभागृहात उरतात विधेयक मांडणारा सभासद, अध्यक्षांच्या जागी बसलेले कुणी, उत्तर द्यायला नेमलेले राज्यमंत्री आणि विमान चुकलेले काही जण. मंत्री सभासदाच्या तळमळीचं मनापासून कौतुक करतात, सरकार या विषयावर गंभीर असल्याची ग्वाही देतात आणि विधेयक मागे घेण्याची विनंती करतात. मागे घ्यायलाही सभागृहाची परवानगी लागते. ती लगेच मिळते.